केकचं भांडं

संध्याकाळी सात वाजता
न्यू गिनीच्या या डोंगरातल्या सगळ्या मिशन-घरांत
रेडिओ खरखरायला लागतो,
आणि प्रार्थनेआधीच कळतं कोणाकडे काय संपलंय:
यीस्ट. रॉकेल. सहनशक्ती.
हे शेवटचं डॉक्टर सुनोक म्हणाली,
बटण सोडायचं विसरून.

त्या सोमवारी इर्मेली नर्सबाईंनी विचारलं,
"केकचं भांडं कोणाकडे आहे? ओव्हर."
बराच वेळ नुसती खरखर.
अशी खरखर आम्ही ओळखतो.
ती अपराधी माणसांची असते.
मीही गप्प. गेल्या पावसात ते महिनाभर
माझ्या पलंगाशेजारी गळती धरत होतं.

भांडं म्हणजे तेच, ॲल्युमिनियमचं,
एका अंगाला पोचा आलेलं,
आमच्या एकुलत्या ओव्हनमध्ये मावणारं एकुलतं.
बुडाला चिकटपट्टीवर चिकटपट्टी, नावावर नाव:
वर व्हिलियामी, त्याखाली ब्रेख्त्ये,
सगळ्यात खाली पुसटशी हेल्गा,
आणि "कृपया परत करा".
हेल्गा कोण, कोणालाच ठाऊक नाही.
म्हातारा आइपे माळी सांगतो,
तो इथे कामाला लागला तेव्हाही
लोक तिला शोधतच होते.

रिकामं भांडं परत करायचं नाही, असा इथला रिवाज.
म्हणून भरायला काही सापडेपर्यंत
कोणी ते परतच करत नाही.

शेवटी एकेक जण बोलता झाला.
पास्टर व्हिलियामींनी ते रताळी घालून शाळेत दिलेलं.
शाळेच्या नाटकात ते नोहाचं तारू झालेलं.
पुढे तारू कुठे लागलं?
तेवढ्यात विमानपट्टीवरून केवा राखणदार म्हणाला,
"भांडं इथे आहे. पण सध्या कामात आहे. ओव्हर."

त्याच्या झोपडीमागे, कोरड्या गवतात, भांड्यात
कोंबडी बसली होती.
खाली नऊ अंडी
आणि तारवातला राहिलेला एक प्लास्टिकचा जिराफ.

गुरुवारी पायलटचा डावे नऊ वर्षांचा होणार.
तातडीने सभा बसली.
कोंबडी बसलेलीच होती.
उठवावी की नाही यावर दीड तास गेला.
व्हिलियामींना बायबलमध्ये
पिल्लांना पंखाखाली घेणारी कोंबडी सापडली,
पण सुतार हन्नेसला भूक लागली होती
आणि त्याचा मुद्दाही अगदीच चुकीचा नव्हता.
मग डावेच उभा राहिला. म्हणाला,
"मी थांबतो. नऊ काय, नंतरही होता येतं."

तेव्हापासून सातच्या रेडिओवर
आधी नदीचं पाणी, मग ढग, मग कोंबडी.
चौथ्या दिवसापासून आधी कोंबडी.
डावेचा बाप ढगातून विचारायचा,
"उठली का?"
किनाऱ्यावरचे बिशपसाहेब, जे फक्त हिशेब मागायला बोलतात,
तेही एकदा खाकरून म्हणाले,
"आणि, अं, ती कशी आहे?"

एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली.
दोन अंडी नाही फुटली.
जिराफ तसाच.

केवाने भांडं राखेने तीनदा घासलं.
केक पोच्याच्या बाजूला कलला,
त्याला किंचित खुराड्याचा वास होता,
आणि चौदा घरांतल्या एकाही माणसाने
आयुष्यात पहिल्यांदाच
जे मनात आलं ते बोलून दाखवलं नाही.
डावे अठरा दिवस उशिरा नऊ वर्षांचा झाला.

पिल्लं मुलांनी वाटून घेतली.
नावं ठेवताना भांडायला नको म्हणून
सातही जणींचं नाव हेल्गा.
त्यातले तीन आता आरवतात.

काल पुन्हा इर्मेलीबाईंचा आवाज:
"माझी हेल्गा कोणाच्या वाफ्यात आहे का? ओव्हर."
"कुठली हेल्गा? ओव्हर."
"आणि असू दे, केकचं भांडं कोणाकडे आहे?"

खरखर.